सिग्नल पडला! : रुळांवरून संगणकात गेलेल्या एका शब्दाची गोष्ट

मराठीत सिग्नल 'पडतो'. गाडी यायची वेळ झाली की फलाटावरचे कोणीतरी वाकून बघते आणि म्हणते, "चला, सिग्नल पडला!" मग सामान उचलले जाते, मुलांचे हात धरले जातात. आज नामपल्लीच्या फलाटाच्या टोकाला जाऊन पाहिले तर तिथे काहीच पडत नाही. दिव्याचा रंग तेवढा बदलतो. तरीही शब्द राहिला, कारण कधीकाळी खरोखरच काहीतरी पडत असे. उंच खांबाला लावलेला लाल रंगाचा लाकडी किंवा पत्र्याचा हात आडवा असला की 'थांबा', आणि तिरपा खाली झुकला की 'या'. ह्या हाताच्या सिग्नलाला इंग्रजीत सेमाफोर म्हणतात.

आमचे शिक्षण डिप्लोमापर्यंतचे, नोकरी राज्य सरकारची आणि दिवसाचा बराचसा वेळ दप्तरातल्या संगणकासमोर जातो. ह्या संगणकाच्या पोटातही एक 'सेमाफोर' असतो, हे आपल्या मंडळातल्या बऱ्याच जणांच्या कानावरून गेले असेल, कारण घरोघरी एक तरी मुलगा किंवा मुलगी हायटेक सिटीत कामाला आहे. पण रुळांवरचा हा हात संगणकात कसा शिरला, तिथे त्याला नाव कोण देते, आणि ते नाव चुकले तर काय होते, ह्याची साखळी सलग सांगितलेली आम्हाला मराठीत फारशी आढळली नाही. म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी हा विषय घेतला.

एक स्थानक, तीन नावे

सुरुवात घरापासून करू. निजामाच्या राज्यात रेल्वे आली ती १८७४ साली. मुंबईहून रायचूरकडे जाणाऱ्या जी.आय.पी. रेल्वेच्या मार्गावरील वाडी जंक्शनपासून सिकंदराबादपर्यंतचा हा फाटा. पहिल्या सालारजंगांच्या दिवाणगिरीत हे काम झाले. पुढे १८८३ मध्ये 'निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे' ही कंपनी निघाली. १९०० च्या सुमारास मनमाड ते सिकंदराबाद हा गोदावरी खोऱ्यातला मीटरगेज मार्ग पुरा झाला आणि औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड ही आपली गावे राजधानीला जोडली गेली. नामपल्लीचे स्थानक १९०७ चे, मीर महबूब अली खान यांच्या कारकीर्दीतले. काचीगुड्याचे १९१६ चे. १९३० मध्ये रेल्वे सरकारने कंपनीकडून विकत घेतली, १९५१ मध्ये ती मध्य रेल्वेत गेली आणि १९६६ मध्ये दक्षिण मध्य रेल्वे निघाल्यावर तिच्याकडे आली.

आपल्यापैकी बहुतेकांचे आजोबा-पणजोबा ह्याच दोन वाटांनी इथे आले. मराठवाड्यातली मंडळी मनमाडच्या लहान गाडीने, आणि पुणे-सोलापूरकडची वाडीवरून मोठ्या गाडीने. कोणी शिक्षक म्हणून आले, कोणी वकील, कोणी रेल्वेतच कारकून.

आता ह्या स्थानकाचे नाव पाहा. रिक्षावाल्याला आपण सांगतो 'नामपल्ली'. तिकिटावर छापलेले असते 'हैदराबाद'. जुन्या कागदांवर 'हैदराबाद डेक्कन' असते, कारण त्या काळी एकाच देशात दोन हैदराबाद होती, एक सिंधमधले आणि एक दक्खनमधले. नुसते 'हैदराबाद' लिहिले तर पार्सल कराचीच्या बाजूला जायचे. रेल्वेच्या कामकाजात मात्र ह्या तिन्ही नावांना अर्थ नाही. तिथे तीन अक्षरी खूण चालते, 'एचवायबी'. सिकंदराबादची 'एससी', काचीगुड्याची 'केसीजी'. एक खूण, एकच स्थानक. लोकांनी काय म्हणायचे ते म्हणोत, पण ज्यांना मिळून काम करायचे आहे त्यांच्यात एका वस्तूचे एकच ठरलेले नाव हवे. हा मुद्दा ध्यानात ठेवावा, कारण पुढे संगणकात तोच भेटणार आहे.

हाताचा जन्म

सेमाफोर हा शब्द ग्रीक मुळांचा. 'सेमा' म्हणजे खूण आणि 'फोरोस' म्हणजे वाहणारा. फ्रान्समध्ये क्लोद शाप याने टेकड्यांवर मनोरे उभारून, त्यांवरच्या लाकडी हातांच्या निरनिराळ्या स्थितींनी निरोप पोहोचवण्याची यंत्रणा बसवली. पॅरिस ते लील ही तिची पहिली वाट १७९४ मध्ये सुरू झाली. दुर्बिणीतून समोरच्या मनोऱ्याचे हात पाहायचे आणि आपल्या मनोऱ्यावर तसेच करायचे, असे ते काम. विजेची तार आली आणि मनोरे ओस पडले, पण तोवर हात रेल्वेने उचलला होता. १८४० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये चार्ल्स हटन ग्रेगरी या अभियंत्याने तो रुळांशेजारी उभा केला.

सुरुवातीला कित्येक ठिकाणी हात सदा 'या' म्हणत खाली असे आणि धोका असला तरच आडवा केला जाई. २१ जानेवारी १८७६ रोजी इंग्लंडमधील ॲबट्स रिप्टन येथे बर्फाच्या वादळात हे हात 'या' ह्याच स्थितीत गोठून बसले. सिग्नलवाल्याने दांडा ओढला, पण खांबावरचा हात हलला नाही. एक्सप्रेस भरधाव येऊन कोळशाच्या गाडीवर आदळली आणि त्या ढिगाऱ्यावर दुसरी एक्सप्रेस येऊन आदळली. ह्या अपघातातून रेल्वे जो धडा शिकली तो आजही कायम आहे. सिग्नलाची नेहमीची स्थिती 'थांबा' हीच असावी आणि 'या' ही मुद्दाम द्यायची परवानगी असावी. आपल्याकडच्या खाली पडणाऱ्या हातालाही वजनाचा तोल असे. तार तुटली तर वजनाने हात आपोआप आडवा होई. काही बिघडले तर गाडी उशिरा येईल, पण दुसरीवर आदळणार नाही, असा त्यामागचा विचार.

गोळा ज्याच्या हाती, वाट त्याची

सिग्नलाहून अवघड प्रश्न एकेरी मार्गाचा. मनमाड-सिकंदराबाद मार्ग बराच काळ एकेरीच होता. दोन स्थानकांमध्ये रूळ एक, आणि गाड्या दोन्ही दिशांनी जायच्या. दोन्हीकडच्या स्टेशन मास्तरांनी एकाच वेळी 'वाट मोकळी आहे' असे समजून गाडी सोडली तर?

हे नुसते कल्पनेतले भय नव्हते. वाडी-सिकंदराबाद मार्ग सुरू झाला त्याच १८७४ सालच्या सप्टेंबरात, इंग्लंडमधल्या नॉरिचजवळ थॉर्प येथे एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर धडकल्या. दोघांत निरोपाचा घोटाळा झाला होता. अधिकाऱ्याची सही नसतानाच तारबाबूने पलीकडच्या स्थानकाला 'गाडी सोडा' अशी तार केली, आणि इकडून दुसरी गाडी निघून गेली. नुसत्या निरोपावर भरवसा ठेवता येत नाही, हे त्या दिवशी कळले. त्यानंतर १८७८ मध्ये एडवर्ड टायर याने उपाय काढला. दोन्ही स्थानकांवर विजेच्या तारेने एकमेकांशी जखडलेली दोन यंत्रे. त्यांत धातूच्या चकत्या. दोन्ही यंत्रे मिळून एका वेळी एकच चकती बाहेर येऊ शकते. ती ड्रायव्हरच्या हाती असेल तरच त्याने त्या टापूत शिरायचे, आणि पलीकडच्या यंत्रात ती परत घातल्याशिवाय दुसरी निघणारच नाही.

आपल्या देशात ह्याच कुळातले 'नीलचे बॉल टोकन यंत्र' घराघरांत माहीत झाले. चकतीच्या जागी पोलादी गोळा, तो कातडी पिशवीत, पिशवीला वेताची मोठी कडी. धावत्या इंजिनातून फायरमन हात बाहेर काढून ती कडी दंडात अडकवून घेतो, हे दृश्य मीटरगेजच्या काळात प्रवास केलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांच्या चांगले ओळखीचे आहे. त्यात आणखी एक बारकावा होता. शेजारच्या टापूचा गोळा चुकून ह्या यंत्रात बसू नये म्हणून गोळ्यांचे घाट वेगवेगळे केलेले असत. म्हणजे गोळा हरवणे जितके धोक्याचे, तितकेच दुसऱ्याचा गोळा आपला समजणे धोक्याचे. आपण काम मंजूर झाले की 'लाईन क्लिअर मिळाली' म्हणतो, तो वाक्प्रचार ह्याच कारभारातून आपल्या बोलीत आला.

आइंडहोव्हनचा प्राध्यापक

आता हॉलंडला जाऊ. एड्सखर डाइक्स्ट्रा हा १९३० मध्ये रॉटरडॅमला जन्मलेला गणिती १९६२ मध्ये आइंडहोव्हनच्या तंत्रशिक्षण संस्थेत प्राध्यापक झाला. त्या वेळी संगणक खोलीभर आकाराचे होते आणि एका यंत्राने एकाच वेळी अनेक कामे कशी करावीत, हा प्रश्न होता. कामे अनेक, पण छापयंत्र एक, स्मरणातली एखादी जागा एक. दोन कामे एकाच वेळी तिथे पोहोचली की घोटाळा.

घोटाळा नेमका कसा होतो, ते आपल्या दप्तरातल्या उदाहरणाने सांगतो. जावक नोंदवहीत शेवटचा क्रमांक ४१६ आहे. दोन कारकून एकाच वेळी डोकावतात. दोघांनाही ४१६ दिसतो. दोघेही मनात एक मिळवतात आणि आपापल्या पत्रावर ४१७ लिहितात. दोघांचीही बेरीज बरोबर, हेतू प्रामाणिक, तरीही एका क्रमांकाची दोन पत्रे गेली. महिन्याने कोणी उत्तर पाठवले की '४१७ च्या संदर्भात' म्हणजे कोणत्या, ह्यावरून वाद सुरू. जुन्या दप्तरांत हे होत नसे, कारण नोंदवही एक आणि तिला दोरीने बांधलेले पेनही एक. पेन ज्याच्या हाती, क्रमांक त्याचा. संगणकात दोरीचे पेन नाही, म्हणून ते मुद्दाम निर्माण करावे लागते.

डाइक्स्ट्राने १९६२-६३ च्या सुमारास ते केले आणि त्यासाठी शब्द रेल्वेकडून घेतले. त्याच्या डच टिपणांत ह्या युक्तीला 'साइनपाल', म्हणजे सिग्नलाचा खांब, असे नाव आहे. तोच इंग्रजीत सेमाफोर झाला. खांबावर हाताऐवजी एक आकडा. त्यावर दोनच क्रिया, 'पी' आणि 'व्ही', ही डच शब्दांची आद्याक्षरे. 'पी' म्हणजे आकडा एकने उतरवून पुढे जाणे, आणि आकडा शून्य असेल तर तिथेच थांबून राहणे. 'व्ही' म्हणजे काम झाल्यावर आकडा एकने चढवणे आणि थांबलेल्यांपैकी एकाला उठवणे. अट एकच, पण कडक : पाहणे आणि बदलणे ह्या दोन गोष्टी एका दमात व्हायला हव्यात, मध्ये कोणी डोकावता कामा नये. आपले दोन कारकून नेमके ह्या 'मध्ये'च अडकले होते.

आकडा एकपासून सुरू केला तर तो एकेरी मार्गावरचा गोळा झाला. मोठा ठेवला तर? विसर्जनाच्या दिवशी टँकबंडवर काय होते ते आठवा. समजा, एका बाजूला क्रेन दहा आहेत. पहिल्या दहा मूर्ती थेट क्रेनपाशी जातात, अकरावी रांगेत थांबते. एक विसर्जन पुरे झाले की क्रेन मोकळी, आणि रांगेतली पुढची मूर्ती आत. आकडा दहापासून सुरू करायचा, मूर्ती आत गेली की एक कमी, क्रेन सुटली की एक जास्त. नामपल्लीसारख्या शेवटच्या स्थानकावर फलाट जितके, तितक्याच गाड्या आत घेता येतात, हाही तोच हिशेब.

डाइक्स्ट्राने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ह्या पायावर बांधलेल्या संगणकप्रणालीचे वर्णन १९६८ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि सेमाफोर जगभरच्या अभ्यासक्रमांत गेला.

नियम एक, रीत घरोघरची

युक्ती सर्वांना पटली, पण प्रत्येक कंपनीने ती आपापल्या पद्धतीने केली. युनिक्सच्या 'सिस्टिम फाइव्ह' ह्या १९८३ च्या आवृत्तीत सेमाफोरला नाव नसे, क्रमांकाची किल्ली असे. ती किल्ली बहुधा एखाद्या फाईलच्या नावावरून हिशेबाने काढत, आणि कधी दोन निराळ्या फाईलींवरून एकच किल्ली निघे. एका यंत्रासाठी लिहिलेले काम दुसऱ्या यंत्रावर चालेना. तेव्हा अमेरिकेतील आयट्रिपलई ह्या अभियंत्यांच्या संस्थेने समान नियम ठरवायला घेतले. १९८८ च्या त्या प्रमाणाला 'पोझिक्स' म्हणतात, हे नाव रिचर्ड स्टॉलमन यांनी सुचवलेले. त्याच्या १९९३ च्या पुरवणीत सेमाफोर आले.

पोझिक्सने सेमाफोरचे दोन प्रकार मानले. एक बिननावाचा, एकाच कामाच्या पोटातल्या उपकामांनी किंवा स्मरणाची एकच जागा वाटून घेणाऱ्या कामांनी वापरायचा, जसे घरातल्या घरात 'ते' म्हटले तरी कळते. दुसरा नावाचा, ज्यांचा एकमेकांशी एरवी संबंध नाही अशा कामांसाठी. नावाबाबत नियम असा की ते तिरप्या रेघेने सुरू करावे. तसे केले तर तेच नाव घेणाऱ्या सर्व कामांना तोच सेमाफोर मिळेल, ही हमी. सुरुवातीची रेघ नसेल, किंवा मध्ये आणखी रेघा असतील, तर काय करायचे हे ज्या त्या प्रणालीने ठरवावे. ते नाव फाईलींच्या यादीत दिसावे की नाही, हेही तिच्यावर सोडले.

रेल्वेतल्या मंडळींना ही रचना ओळखीची वाटेल. भारतीय रेल्वेचे १९७६ चे 'सामान्य नियम' देशभर एकच आहेत. पण त्यांच्या खाली प्रत्येक विभागीय रेल्वे आपले 'सहायक नियम' करते. मूळ नियमाला बाधा न आणता, आपल्या घाटांना, आपल्या यंत्रांना सोयीचे. सोलापूरकडचा अनुभवी माणूस सिकंदराबादला बदलून आला तर सामान्य नियम त्याला पाठ असतात, पण इथले सहायक नियम वाचल्याशिवाय त्याला कामावर उभे राहता येत नाही.

संगणकाचे 'सहायक नियम' कसे बदलतात ते पाहू. समजा, आपण सेमाफोरला '/पंगत' असे नाव दिले. लिनक्स त्याची एक फाईल करते, स्मरणातच राहणाऱ्या एका खास कप्प्यात, आणि नावाआधी 'सेम.' हे चार अक्षरी उपपद लावून 'सेम.पंगत' असे ठेवते. फाईलच्या नावाला मर्यादा २५५ ची, त्यातून हे चार गेले, म्हणून सेमाफोरच्या नावाला उरतात २५१. मॅकवर ते फाईल म्हणून दिसतच नाही आणि मर्यादा आहे फक्त ३१. त्यातही देवनागरीच्या एकेका चिन्हाला साठवणीत तीन-तीन घरे लागतात, त्यामुळे मराठी नाव दहाएक चिन्हांत आटपावे लागेल. गाड्या आणि यंत्रसामग्रीत वापरली जाणारी क्यूएनएक्स प्रणाली नावासाठी आपला स्वतंत्र कप्पा ठेवते. बिननावाचा प्रकार मॅकवर मागितला, तर 'ही सोय इथे नाही' असे उत्तर मिळते. विंडोजचे घराणेच निराळे आहे. तिथे सर्वांसाठीचे नाव आणि एकाच बैठकीपुरते नाव असा भेद करणारे उपपद नावाच्या आधी लावता येते. आपल्या 'हैदराबाद'ला 'डेक्कन' जोडले होते, तसाच हा प्रकार.

आतली अंमलबजावणीही पाहण्यासारखी आहे. दर वेळी परवानगीसाठी प्रणालीच्या गाभ्याकडे, म्हणजे स्टेशन मास्तरांकडे, जावे तर वेळ जातो. लिनक्सने २००३ च्या शेवटी आलेल्या २.६ ह्या आवृत्तीपासून वेगळी व्यवस्था केली. वाट मोकळी असेल तर काम स्वतःच, प्रक्रियकाच्या एका अखंड आज्ञेने, आकडा उतरवून पुढे जाते. मास्तरांना हाक मारायची ती वाट बंद असेल आणि झोपून राहायचे असेल तेव्हाच. बहुतेक वेळा वाट मोकळी असते, त्यामुळे केवढा तरी वेळ वाचतो.

नाव पुसण्याचीही रीत ठरलेली आहे. सेमाफोरचे नाव काढून टाकले तर ते नाव त्या क्षणी जाते, पण ज्यांनी तो आधीच उघडला आहे त्यांच्यासाठी तो जिवंत राहतो, आणि शेवटच्याने मिटल्यावरच नाहीसा होतो. गावाचे नाव बदलले तरी जुन्या नावाने काढलेल्या तिकिटाचा प्रवास पुरा होऊ द्यायचा, तसे हे. आणि कोणी नाव पुसलेच नाही, तर काम करणारा निघून गेला तरी सेमाफोर यंत्र बंद होईपर्यंत तसाच पडून राहतो.

गोळा परत आला नाही तर

ह्या साऱ्याला किंमत आहे ती दोन ठिकाणी. पहिले ठिकाण म्हणजे घेतलेले परत न करणे. एखादे काम आकडा उतरवून आत गेले आणि आतच कोसळले, तर पोझिक्सचा सेमाफोर आपोआप चढत नाही. ड्रायव्हर गोळा खिशात घालून घरी जावा, आणि दोन्ही स्थानकांवर गाड्या उभ्या राहाव्यात, तशी गत. त्यात सेमाफोरला मालक नसतो. आकडा कोणी उतरवला, ह्याची नोंद तो ठेवत नाही, आणि भलत्यानेच चढवला तरी त्याची हरकत नाही. म्हणून जिथे 'ज्याने घेतले त्यानेच परत करावे' अशी गरज असते, तिथे पोझिक्समध्ये 'म्यूटेक्स' हे वेगळे साधन आहे, आणि धनी कोसळला तर पुढच्याला तसे कळवणारा त्याचा प्रकारही २००८ च्या प्रमाणात आला.

दुसऱ्या एका अडचणीचे उदाहरण थेट मंगळावरचे आहे. ४ जुलै १९९७ रोजी अमेरिकेचे पाथफाइंडर यान मंगळावर उतरले, आणि काही दिवसांनी त्याचा संगणक पुन्हा पुन्हा स्वतःला बंद करून सुरू होऊ लागला. हवामानाची माहिती गोळा करणाऱ्या कमी महत्त्वाच्या कामाने सेमाफोर घेतलेला. त्याच सेमाफोरसाठी फार महत्त्वाचे काम थांबलेले. आणि मधल्या महत्त्वाचे तिसरे काम हवामानवाल्याला पुढे सरकूच देत नव्हते. एकेरी मार्गावरच्या मालगाडीमागे मेल अडकावी आणि मालगाडीला मधल्या पॅसेंजरने रोखून धरावे, असा तो पेच. उपाय पृथ्वीवरून पाठवला गेला : ज्याच्यामागे मेल थांबली आहे त्या मालगाडीला तेवढ्यापुरता मेलचाच मान द्यायचा, म्हणजे ती लवकर बाजूला होते. यान सावरले.

दुसरे ठिकाण नावाचे. २ जून २०२३ रोजी ओडिशात बालासोरजवळ बाहानगा बाजार स्थानकात कोरोमंडल एक्सप्रेसला मुख्य मार्गाचा हिरवा सिग्नल मिळाला, पण सांधा मालगाडी उभी असलेल्या बाजूच्या मार्गाकडे वळलेला होता. २९० हून अधिक माणसे गेली. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत जी कारणे पुढे आली त्यांत एक असे की फाटकाजवळच्या पेटीतील तारांवरच्या चिठ्ठ्या चुकीच्या होत्या, आणि ती चूक कित्येक वर्षे कोणाच्या लक्षात आली नव्हती. पुढे दुरुस्तीचे काम करणाऱ्यांनी तारांची जोडणी केली तेव्हा सिग्नलाला सांध्याची खोटी बातमी मिळाली. यंत्र आपल्या नियमाप्रमाणेच वागले. ज्या नावाने त्याला बातमी आली, त्या नावाची वस्तू मात्र भलतीच होती.

संगणकातल्या सेमाफोरच्या चुकीने प्रत्येक वेळी माणसे मरत नाहीत. बहुतेक वेळा पडदा गोठतो, रांगेतले लोक कुरकुरतात, खिडकीवरचा माणूस 'सर्व्हर डाऊन' म्हणून मोकळा होतो. पण चुकीची जात तीच. दोन कामांनी एकच नाव दोन वस्तूंना दिले, किंवा एका वस्तूला दोघांनी दोन नावे दिली, आणि प्रत्येक जण आपापल्या जागी बरोबर असूनही दोघांची गाठ एका रुळावर पडली. वाईट म्हणजे अशी चूक तपासणीत सापडतेच असे नाही. दोन गाड्या नेमक्या एका क्षणी आल्या तरच ती दिसते. एरवी वर्षानुवर्षे सारे सुरळीत चालले आहे असेच वाटते.

पुन्हा आपल्या मार्गावर

हा इतिहास सांगायला हैदराबादइतके योग्य गाव दुसरे नसेल. रेल्वेच्या सिग्नल अभियंत्यांना शिकवणारी 'इरिसेट' ही संस्था १९५७ पासून सिकंदराबादेत आहे. गाड्यांची टक्कर टाळणाऱ्या 'कवच' ह्या भारतीय यंत्रणेच्या प्रवासी गाड्यांवरच्या चाचण्या फेब्रुवारी २०१६ मध्ये दक्षिण मध्य रेल्वेवरच सुरू झाल्या, आणि ४ मार्च २०२२ रोजी तिचे प्रात्यक्षिक आपल्या जवळच्या गुल्लागुडा आणि चिटगिड्डा ह्या स्थानकांदरम्यान झाले. दक्षिण मध्य रेल्वेच्या ज्या १,४६५ किलोमीटरवर कवच प्रथम बसले त्यात मनमाड-मुदखेड-डोण-गुंतकल हा ९५९ किलोमीटरचा टप्पा आहे, आणि बीदर-परळी वैजनाथ-परभणी हा टप्पाही. म्हणजे आपल्या आजोबांनी हातात वेताची कडी घेतलेला फायरमन ज्या मार्गावर पाहिला, त्याच मार्गावर आज इंजिनातला संगणक रेडिओवरून सिग्नलाची खबर घेतो आणि गरज पडल्यास ब्रेक लावतो. गोळा गेला, पण गोळ्याचा नियम गेला नाही. एका टापूत एका वेळी एक गाडी, हे आजही तसेच आहे. आणि यंत्र कितीही हुशार असले तरी त्याला मिळणारी खबर खरी असावी लागते, तारेवरची चिठ्ठी बरोबर असावी लागते. ते काम अजून माणसाचेच आहे.

आपल्या घरांतली जी मुले आज संगणकाच्या कामात आहेत, त्यांच्या कामाला आपण 'कॉम्प्युटरमध्ये काहीतरी' असे म्हणून मोकळे होतो. त्यांच्याशी बोलायला आता एक विषय झाला. त्यांना विचारावे, तुझ्या सेमाफोरचे नाव काय, ते कोणी ठरवले, आणि काम मध्येच कोसळले तर गोळा परत कोण करणार? ज्याला ह्या तीन प्रश्नांची उत्तरे सरळ देता येतात त्याचे काम भरवशाचे समजावे. आणि त्यांनी आपल्याला विचारले की तुम्हाला हे कसे ठाऊक, तर सांगावे की तुझे पणजोबा ज्या गाडीने ह्या गावात आले ती गाडी ह्याच नियमावर सुखरूप पोहोचली होती.